दोन पट्ट्या खाली

नगाऱ्याचा वरचा सूर रोज सकाळी साडेनऊला लागायचा, आणि रोज सकाळी साडेनऊला ताई पियानोवर मान खाली घालायची.

सूर लागला की नगारा खिडकीपाशी जायचा, कमरेवर हात ठेवून समोरच्या इमारतीकडे बघायचा आणि म्हणायचा, ‘एकसष्ट वर्षं, ताई! आहे का कुणाची टाप?’ समोरच्या गॅलरीत एक बाई चादरी झटकत असायची. ती क्षणभर थांबायची आणि परत झटकायला लागायची. ताई पियानोवरचे हात मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, ‘कुणाची नाही रे बाबा.’

एरवी माणूस एकदा खोटं बोलतो आणि मोकळा होतो. ताईला ते रोज नव्याने बोलावं लागे, तेही दहा बोटांनी. घरातला पियानो दोन पट्ट्या खाली लावलेला होता. नगारा ज्याला आपला वरचा सूर म्हणे तो वरचा सूर नव्हताच. त्याच्या खालच्या काळ्या पट्टीचाही नव्हता, तिच्याही खालचा होता. हे जगात दोघांनाच माहीत होतं, ताईला आणि पियानो लावणाऱ्याला.

नगारा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. चौदाव्या वर्षी त्याचा आवाज फुटला तेव्हा त्याने जिन्यात हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं पोर दचकून उठायचं. तेव्हा शेजाऱ्यांनी ठेवलेलं हे नाव पुढे ऑपेराघराच्या दारवानापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा आणि ताई पंधराची. त्याला न्हाऊमाखू तिने घातलं, सुरांची ओळख याच पियानोवर तिने करून दिली, आणि तो मोठा गायक झाल्यावर त्याच्या साथीला बसलीही तीच. तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘एक नगारा घरात असताना दुसरं वाजंत्री कशाला?’

ऑपेरात माणसाचं नशीब आवाजावर ठरतं. उंच आवाजाचा टेनर असतो, त्याला नायिका मिळते. अगदी खर्जातल्याला पुजारी आणि भुतं मिळतात. मधल्या आवाजाच्या बॅरिटोनच्या वाट्याला येतो बाप, राजा, नाहीतर खलनायक. नगाऱ्याने तीस वर्षांत स्टेजवर एकदाही लग्न केलं नाही. विष प्यायला, पोटात तलवार घेतली, बुरुजावरून उडी टाकली, आणि दर वेळी मरता मरता असा गायला की लोक टेनरला विसरून घरी जात. खऱ्या आयुष्यात त्याने लग्न केलं, ते सात वर्षं टिकलं. ‘खलनायकाबरोबर संसार करता येतो हो ताई, पण घरातच नसलेल्या माणसाबरोबर कसा करायचा?’ असं म्हणून बायको लहानग्या मुलाला घेऊन गेली. ताईने तिला अडवलं नाही, कारण ती चुकीचं काही बोलत नव्हती.

चार वर्षांपूर्वी नगाऱ्याच्या गळ्यातून एक गाठ काढली. बोलता येईल, गिळता येईल, डॉक्टर म्हणाले. गाण्याचं विचारलं तेव्हा त्यांनी खांदे उडवले. बोलता आलं, गिळता आलं. गाणंही आलं, पण अपुरं. वर जाताना एका ठिकाणी आवाज असा तुटायचा, जसा चालता चालता चपलेचा अंगठा तुटावा. पाय पुढे जातो आणि चप्पल मागे राहते. ऑपेराघराने दोन महिने वाट पाहिली, मग फुलं पाठवली. फुलं आली म्हणजे काय ते नगाऱ्याला कळत होतं.

तो दाढी करेनासा झाला. दिवसभर पडद्याआड बसून राही. एकदा ताई त्याच्या खोलीत गेली तर तो पलंगावर झोपेच्या गोळ्या पसरून मोजत होता. ‘काय करतोस रे?’ म्हटल्यावर म्हणाला, ‘किती उरल्यात बघतोय.’ ताईने त्या सगळ्या गोळा केल्या, आपल्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली गळ्यात घातली. त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

त्याच आठवड्यात पियानो लावणारा आला. पियानो आईच्या वेळचा. लावणाऱ्याने झाकण उघडून आत वाकून पाहिलं आणि च्‌च्‌ केलं. ‘बाई, तारांत जीव राहिला नाही. पुऱ्या ताणल्या तर पटापट तुटतील. सगळा पियानो एक पट्टी खाली लावून देतो. सगळंच सारखं खाली, कुणाला कळायचं नाही.’

‘मला कळेल,’ ताई म्हणाली. आणि ते खरंच होतं. टेबलावर पेला ठेवला तरी तो कुठल्या सुरात वाजला हे तिला कळे. देवाने असा कान तिला दिला आणि गळा भावाला. नगाऱ्याला पट्टी कळत नसे. घशाला जोर किती पडला, तेवढंच त्याला कळे.

दुसऱ्या दिवशी ताईने ओढून आणून त्याला पियानोपाशी उभं केलं. तो कंटाळत गायला लागला, आणि कंटाळत कंटाळत वर गेला, आणि सूर लागला. एवढा मोठा माणूस, राजे आणि खलनायक करणारा, तिथेच फरशीवर बसला आणि हुंदके देऊन रडला. ‘ताई, आला गं. परत आला.’ ताईच्या ओठावर शब्द होते. पण त्या घटकेला ते बोलायला दगडाचं काळीज हवं होतं, आणि तिचं नव्हतं. आज राहू दे, उद्या सांगू, असं तिने ठरवलं. असल्या उद्याचं पुढे काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं.

तरी ही पहिली पट्टी आपसूक उतरली होती. दुसरी ताईने उतरवली. दीड वर्षाने सूर पुन्हा डळमळायला लागला, तेव्हा नगारा दाताच्या डॉक्टरकडे गेलेला बघून तिने पियानो लावणाऱ्याला बोलावलं. ‘आणखी एक पट्टी खाली.’

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ‘पहिली तारांसाठी उतरवली, बाई. ही कशासाठी?’

‘तारांसाठीच,’ ताई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

बाहेरच्या मैफलींचं अवघड नव्हतं. मैफलीतली गाणी कुणी वरच्या पट्टीत गातं, कुणी खालच्या. त्याला कोणी चोरी म्हणत नाही, छापील पुस्तकंच तीन-तीन पट्ट्यांत मिळतात. ताई समोर मूळ पट्टीचं पुस्तक ठेवायची आणि डोक्यातल्या डोक्यात दोन पट्ट्या उतरवून वाजवायची. वाचनालयाचा हॉल, इस्पितळाचा हॉल, वृद्धाश्रम, कधी एखाद्या शाळेचा वर्धापनदिन. मागच्या महिन्यात एका वर्तमानपत्रवाल्याने लिहिलं, ‘वयाला न शोभणारा ताजा आवाज, वरचे सूर शाबूत.’ नगाऱ्याने ते कात्रण पाकिटात ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ ताईची होती आणि ती उघडायची वेळ कधी येईलसं तिला वाटत नव्हतं. पट्टी बदलता येत नाही ती ऑपेरात, तिथे साठ वादक समोर बसलेले असतात. आणि ऑपेराघर तर नगाऱ्याला विसरलंच होतं.

एका रविवारी सकाळी, सूर लागून गेल्यावर, फोन वाजला. ऑपेराघराचा व्यवस्थापक होता. नगाऱ्याने ऐकता ऐकता भिंतीला हात टेकला.

‘आमचा बाप तापाने फणफणलाय,’ व्यवस्थापक सांगत होता. आजच्या प्रयोगातला बाप, म्हातारा राजा, असं त्याला म्हणायचं होतं. ‘तीनला पडदा वर जायचा आहे. ती भूमिका पाठ असलेले देशात तिघे. एक आजारी, एक परदेशात. तिसरे तुम्ही. पेपरात वाचलं, आवाज चांगला आहे म्हणे?’

‘चांगला?’ नगारा म्हणाला. ‘पहिल्यापेक्षा चांगला आहे.’

फोन ठेवून त्याने ताईला उचललंच. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला उचलून दोन गिरक्या घेतल्या. मग लगेच मुलाला फोन लावला. मुलगा आता बत्तिशीचा, औषधाच्या दुकानात काम करणारा. बापलेकांचं सणावारापुरतं बोलणं, तेही हवापाण्याचं. ‘आज ये,’ नगारा म्हणाला. ‘तुझा बाप आज बापाचंच काम करतोय. घरी नाही जमलं, तिथे तरी बघ.’ पलीकडून काय उत्तर आलं ते ताईला ऐकू आलं नाही, पण नगाऱ्याचा चेहरा उजळला म्हणजे मुलगा हो म्हणाला असणार.

ताई सदऱ्याला इस्त्री करत होती. तिच्या पाचावर धारण बसली होती. या भूमिकेत दुसऱ्या अंकात बाप मुलाला घराबाहेर काढतो आणि मग एकटा उरल्यावर त्याला परत हाक मारतो. ती हाक म्हणजेच तो वरचा सूर. अख्खं थिएटर त्यासाठी येतं.

‘अरे, ऐक ना,’ ती म्हणाली.

‘बोल की.’

‘चार वर्षं झाली तुला साठ वादकांसमोर उभं राहून. वरचा सूर आजच्यापुरता सोडून दिलास तर?’

नगारा आरशात दाढी करत होता. तो वळला, अर्ध्या तोंडाला फेस तसाच. ‘जो रोज लागतो, तो नेमका आज का सोडू?’

ताईने कॉलरवर इस्त्री फिरवली, फिरवलेलीच परत फिरवली.

साडेबाराला ते ऑपेराघराच्या मागच्या दाराने आत गेले. दारवानाने नगाऱ्याला मिठी मारली. कपडेपटवाल्या बाईने राजाचा झगा अंगावर चढवून पाहिला, ‘वाळलात हो!’ म्हणाली. मग तालमीच्या खोलीत वाद्यवृंदाचा संचालक भेटला. हातात सदा ती बारीक काठी, म्हणून ताई त्याला मनातल्या मनात काठीवाला म्हणे. तरुण होता, पण शहाणा होता. थिएटरचा पियानोवादक बसला, आणि त्याने पहिलेच सूर छेडले तेव्हा ताईच्या अंगावर काटा आला. खरी पट्टी. चार वर्षांत भावाच्या गाण्याला तिने ही पट्टी ऐकली नव्हती. आता कळणार, तिला वाटलं. आता दोन मिनिटांत याला कळणार आणि मी सुटणार.

पण नगाऱ्याने तोंड उघडलं ते अर्ध्या आवाजात. गायकांचा हा जुना रिवाज आहे, याला ते राखून गाणं म्हणतात. प्रयोगाच्या दिवशी तालमीत गळा खर्च करायचा नाही. शब्द म्हणायचे, ताल धरायचा, वरचे सूर खालच्या सप्तकात नुसते पुटपुटायचे. जो तालमीत पूर्ण गळ्याने गातो त्याला नवशिका समजतात. ती हाक आली तेव्हा नगाऱ्याने गायलंच नाही. फक्त एक बोट छताकडे दाखवलं आणि हसला. काठीवाल्यानेही हसून मान डोलावली. दोन जाणत्या माणसांनी आपापला नियम पाळला आणि ताईचं खोटं दोघांच्या मधून अलगद पुढे निघून गेलं.

तिने काठीवाल्याला बोळात गाठलं. तोंडात धरलेली मिठाची गुळणी एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा सुटली, तीही परक्या माणसापुढे. सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हणाली, ‘त्याचा वरचा सूर लागेलसं वाटत नाही. दोन पट्ट्या खाली घेता येईल का?’

‘ताई, साठ जणांच्या वह्या बदलाव्या लागतील. दीड तासात कसं जमायचं?’ तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने आवाज उतरवला. ‘पण गरजच काय त्याची? तो सूर मूळ स्वरलिपीत नाहीच. शंभर वर्षांपूर्वी कुणा गायकाने हौसेने घेतला, लोकांना आवडला, मग तो कायदाच होऊन बसला. खालचा लिहिलाय, खालचा घेऊ देत. मी त्या वेळी वाद्यांचा आवाज थोडा चढवतो. दहातले चार गायक हेच करतात. फक्त त्यांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर अपमान वाटेल.’

‘सांगते,’ ताई म्हणाली. तिला एकदम हलकं वाटलं. इतकं सोपं होतं! खालचा घे, नगाऱ्या. तीन शब्द. ती ते मनात घोकत जिना चढली.

रंगाच्या खोलीत नगारा पांढरी दाढी चिकटवून बसला होता आणि त्याचा मुलगा दाराशी उभा होता, कामावरचाच शर्ट घालून. अवघडलेला होता, पण आला होता. ‘आत्या,’ म्हणून तो वाकला. ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

‘ये, ये,’ नगारा म्हणाला. ‘याने लहानपणी मला फक्त मरताना पाहिलंय. दोनदा तर घाबरून शू केली होती.’

‘बाबा, पुरे,’ मुलगा म्हणाला आणि हसला. असा हसताना ताईने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

‘तुला खरं सांगू?’ नगारा मुलाला म्हणाला. ‘डॉक्टरांनी मला पुरलं होतं. या बाईने उकरून काढलं. रोज सकाळी, चार वर्षं. आज जे ऐकशील ते हिचं आहे.’ मग भिंतीलगतच्या उभ्या पियानोकडे हात करून म्हणाला, ‘बस, ताई. एकदा वर जाऊन येऊ. तालमीत राखून गायलोय, गळा जरा मोकळा करतो.’

ताई बसली. तीन शब्द जिभेच्या टोकावर होते. बाप आणि मुलगा दोघं तिच्याकडे बघत होते, आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकच आनंद होता. शब्दांनी सांगवत नसेल तर नुसती खरी पट्टी वाजवली असती तरी पुरलं असतं. सूर इथेच तुटला असता, बंद दाराआड, दोन घरच्या माणसांपुढे. वाईट वाटलं असतं, पण तास उरला होता. खालचा सूर घेऊन तो अब्रूने गाऊन आला असता.

पुढे कधी ती स्वतःला सांगू शकली असती की हात आपोआप खाली गेले. आपोआप गेले नाहीत. तिने मोजून नेले, एक, दोन, आणि सूर दिला.

नगारा गायला. सूर लागला, भरघोस लागला. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘बाबा...’ एवढंच तो म्हणाला. एकदा रंगात आला की तिथेही लागेल, ताईने स्वतःला समजावलं. असं कधी होत नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

पहिला अंक उत्तम गेला. खालचे आणि मधले सूर नगाऱ्याचे अजून सोन्यासारखे होते. मध्यंतरात लोक उभे राहून बोलत होते, हा इतकी वर्षं होता कुठे? ताई पडद्याआड स्टुलावर बसली होती. दुसऱ्या अंकात बापाने मुलाला घालवून दिलं, दार लावलं, स्टेजवर एकटा उरला. काठीवाल्याने वाद्यांचा आवाज हळूहळू चढवत आणला. तो नगाऱ्याकडे निवांत बघत होता, कारण ताईने सांगितलंय अशी त्याची समजूत होती. मग नगाऱ्याने छाती भरली आणि हनुवटी उचलली, आणि काठीवाल्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

सूर लागला नाही असं म्हणणं फार सभ्य होईल. आधी तो अर्ध्यावर अडकला, मग फाटला, आणि मग कोंबड्याचं पिल्लू पायाखाली यावं तसा एक आवाज निघाला. वादक पुढे निघून गेले होते. नगारा हात पुढे करून, तोंड उघडं ठेवून तसाच उभा होता. वरच्या सज्जातून कुणीतरी हसलं. एकच जण हसला, पण तेवढ्या शांततेत ते सगळ्या थिएटरला ऐकू गेलं.

आणि प्रयोग थांबत नसतो. पुढचा अख्खा अंक त्याला गावा लागला. गायला तो. शेवटी नाटकातल्या मुलाच्या मांडीवर मेलाही, आणि त्या दिवशी तो फार चांगला मेला, असं नंतर सगळ्यांनी कबूल केलं. अभिवादनाला पडदा परत वर गेला तेव्हा टाळ्या पडल्या, आजारी माणसाच्या पाठीवर थोपटतात तशा. नगारा वाकला आणि आत आला. ताईजवळून गेला तेव्हा म्हणाला, ‘ही वाद्यं चढी लावतात की काय हल्ली?’ तिच्याकडे बघून विचारलं होतं. तिने मान खाली घातली.

रंगाच्या खोलीत दिवस अजून खिडकीत होता. नगारा आरशासमोर बसला. मुलगा पाण्याचा पेला घेऊन उभा. काठीवाला आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘होतं असं. मनाला लावून घेऊ नका. पण ताईंनी सांगितलं नाही का तुम्हाला? त्यांचीच तर शंका होती. खालचा घ्या, असा निरोप दिला होता मी.’ मग त्याने दोघांकडे पाहिलं, काय झालं असावं ते त्याला समजलं, आणि तो हळूच निघून गेला.

नगारा ताईकडे वळला.

‘तुला शंका होती?’

‘शंका नव्हती,’ ताई म्हणाली. ‘माहीत होतं.’ आणि मग तिने सगळं सांगितलं, तारा, पहिली पट्टी, दुसरी पट्टी, मैफली, आणि प्रयोगाआधी याच खोलीत मोजून खाली नेलेले हात. बोलायला फार वेळ लागला नाही. चार वर्षांचं ओझं आणि चार मिनिटांची हकिगत.

‘तुझ्यासाठी केलं रे,’ ती शेवटी म्हणाली. ‘त्या गोळ्या...’

‘पहिल्या वर्षी माझ्यासाठी,’ नगारा म्हणाला. ‘नंतरची वर्षं कुणासाठी?’

नगारा गात नसता तर ताई कोण होती? एक म्हातारी, जुना पियानो आणि रिकामी सकाळ. साडेनऊ वाजणं त्याला हवं होतं त्याहून जास्त तिला हवं होतं.

‘ताई, तीस वर्षं मी लोकांसमोर मरत आलोय,’ तो म्हणाला. ‘एक सूर मेला, हे ऐकून मी मेलो असतो? खालचा गायलो असतो मी. तू नुसतं म्हणाली असतीस तरी गायलो असतो. तुझं कधी मोडलंय मी?’

मग तो उठला, राजाच्या झग्यातच पियानोपाशी येऊन उभा राहिला. ‘सूर दे. खरा.’

‘नको रे.’

‘दे.’

तिने दिला. तो वर गेला आणि तुटला. ‘परत.’ तिने परत दिला. परत तुटला. ‘परत.’ पाचव्या वेळी त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या दिसायला लागल्या. मुलगा म्हणाला, ‘बाबा, बस करा.’ मग ताईच्या खांद्याला हलवून म्हणाला, ‘आत्या, तू तरी थांब ना!’ पण भाऊ चार वर्षांनी खरा सूर मागत होता, आणि तो नाकारायचा तिला कसला हक्क उरला होता? ती वाजवत राहिली. तिचे गाल ओले होते, पट्ट्या दिसत नव्हत्या, तरी बोट अचूक त्याच पट्टीवर पडत होतं. नवव्या की दहाव्या वेळी आत काहीतरी उसवलं. खाकरल्यासारखा आवाज झाला आणि मग नुसती हवा यायला लागली. त्याने खालचा सूर लावून पाहिला. तोही नव्हता. मधला पाहिला. हवाच.

त्याने पियानोचं झाकण लावायला हात घातला. तिची बोटं अजून पट्ट्यांवर होती हे बघून त्याने आधी ती एकेक करून बाजूला केली, लहान मुलाची करावीत तशी, आणि मग झाकण लावलं.

‘ताईला घरी पोचव,’ तो मुलाला म्हणाला. आवाज नव्हताच, नुसते ओठ हलले.

‘आणि तुम्ही?’

नगारा आरशाकडे वळला, कापूस तेलात बुडवला आणि चेहऱ्यावरचा म्हातारा बाप पुसायला लागला. आरशात ताई दिसत होती. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.